नाळ उडत होती

माझ्या बायकोच्या दोन्ही हातांत मूल होतं. म्हणून तिला गाल झाकता आला नाही.

बाळंतिणीच्या सासूने, बाईंनी, उजव्या हाताने थोबाडीत मारली. आधी पाटल्या वाजल्या, मग गाल वाजला. मी पडद्याच्या अलीकडे, गरम पाण्याची बादली धरून उभा. पडदा अर्धा सरकलेला. मला सगळं दिसलं. बायकोचं तोंड एका बाजूला गेलं, हात जागचे हलले नाहीत. मुलाला धक्का लागू दिला नाही तिने.

"सांगितलं तेवढं करायचं," बाई म्हणाल्या. "तू आया आहेस. डॉक्टर नाहीस."

"मारा," बायको म्हणाली. "पण नाळ अजून उडताहा."

मी बादली खाली ठेवली नाही. पाणी सांडेल म्हणून. तेव्हा चाळिशीतला बाप्या मी, बायकोला थोबाडीत बसली आणि मला पाण्याची काळजी. हे आधीच लिहून टाकतो. म्हणजे पुढे मी कुणावर थुंकलो तर वाचणाऱ्याने म्हणू नये, म्हातारा स्वतःला सोडून बोलतो.

आता पहिल्यापासून सांगतो.

मी लालबागचा. शिक्षण सातवी, तीही नापास. मिलमध्ये साळखात्यात होतो, म्हणजे कापड विणायच्या खात्यात. अठरा वर्षं माग चालवले. आम्ही मागाला साचा म्हणायचो. साचा फिरत असताना धाग्यात हात घालायचा नाही, हे पहिल्या दिवशी शिकवतात. ज्याने घातला त्याची बोटं मोजून बघा.

बायको मालवणकडची. तिची आई सुईण, आईची आई सुईण. आमच्या चाळीत तिच्या हातावर किती पोरं झाली ते तिने कधी मोजलं नाही. मोजू नये म्हणायची. तिची रीत एकच. मूल बाहेर आलं की पुसायचं, आईच्या अंगाला लावून ठेवायचं, आणि नाळ दोन बोटांत धरून गप बसायचं. नाळ उडत असते. आपल्या मनगटाची नाडी उडते तशी. ती उडायची थांबली, पांढरी पडली, थंड लागली, की मग दोन जागी दोरा बांधायचा आणि मधे कापायची. त्याआधी देव आला तरी नाही.

दोरा मी आणायचो. आमच्या खात्यातला, पीळदार. ती उकळून, वाळवून पेटीत ठेवायची. चाळीतल्या अर्ध्या पोरांच्या बेंब्या आमच्या मिलच्या सुताने बांधलेल्या आहेत. आता ती पोरं त्याच मिलच्या जागेवरच्या टॉवरमध्ये सिक्युरिटीला उभी असतात. असो.

बाहेर बसलेले बाप घाई करायचे. "काय गं, झालं ना? आत काय करतेस इतका वेळ?"

ती आतून ओरडायची, "तुमचा पोर जेवताहा! तुमका कोणी भरल्या ताटावरसून उठयल्यान तर चलात?"

मग सगळी चाळ हसायची.

मला एकदा नीट सांगितलं होतं तिने. "ती शिदोरी हा त्याची. आवशीकडची. लांबसून इलेला पोर, शिदोरी संपांदे, मगे कापूया." आवशीकडची म्हणजे आईकडची. मला एवढं पुरलं. पुस्तकात काय लिहिलंय ते मला माहीत नाही.

मग संप लागला. दुसऱ्या वर्षी घरात जे होतं ते संपलं. बायकोला गिरगावात एका डॉक्टरीणबाईच्या प्रसूतिगृहात आयाचं काम मिळालं, आणि तिच्या ओळखीने मला. पाणी वर चढवायचं, जिने पुसायचे, ऑक्सिजनचे सिलिंडर हलवायचे. बायकोच्या वशिल्याने नवरा कामाला लागला म्हणून चाळीतले हसले. हसू दे. हसणाऱ्यांच्या घरीही चूल गारच होती.

तिथे मूल आलं की लगेच चिमटे, लगेच कात्री. घरी आली की ती म्हणायची, "थयसर पोरांका जेवूक देनत नाय." पण तिथे कधी तोंड उघडलं नाही तिने. रडणारी, धडधाकट पोरं होती. निभायचं. नोकरी पण निभत होती.

त्या दिवशी मूल रडलं नाही.

सकाळची वेळ. गिरगावातल्या जुन्या, घरंदाज माणसांची सून आली होती. बरोबर सासू, म्हणजे या बाई. हातात पंचांग. घाईत चष्मा घरी राहिला होता, त्यामुळे लांबचं घड्याळ त्यांना दिसत नव्हतं. मला बोलावलं.

"ए, घड्याळ कळतं ना तुला?"

"कळतं."

"मग इथे घड्याळाखाली उभा राहा. पुष्य नक्षत्र संपतंय. त्याच्या आत सगळं व्हायला हवं. विचारीन तेव्हा वेळ सांगायची."

पुष्य चांगलं. त्याच्या पाठोपाठ आश्लेषा, ती वाईट. आश्लेषेवरची मुलगी सासूच्या मुळावर येते, तिला कोणी करून घेत नाही, असं त्या कुणाला तरी सांगत होत्या. आणि त्यांच्या घरची रीत अशी की मूल बाहेर आलं ती जन्मवेळ नाही. नाळ कापली ती जन्मवेळ.

पुष्य किती वाजता संपणार होतं ते मला सांगून ठेवलं होतं. मी इथे लिहीत नाही. का, ते पुढे कळेल.

डॉक्टरीणबाई सकाळी बघून गेल्या होत्या, अजून वेळ आहे म्हणून. पण सुनेला एकदम कळा वाढल्या. टेलिफोन बंद. नर्स धावत खाली औषधाच्या दुकानातून फोन करायला गेली. मुलाचा बाप पेढे सांगायला गेला होता. आत फक्त माझी बायको. मूल तिच्या हातात आलं.

आवाज नाही. मी घड्याळाखालून बादली घेऊन पडद्यापाशी गेलो. बायको हळू बोलली, "चेडू हा. रडूक नाय अजून." चेडू म्हणजे मुलगी. मग आणखी हळू, फक्त मला ऐकू येईल असं, "भायर सांगा, कापली म्हणान."

मी वळलो. बाई समोरच.

"कापली का रे?"

माझी बायको काय म्हणाली ते मी ऐकलं होतं. शब्द तोंडाशी होता. कापली. तीन अक्षरं. पण अठरा वर्षं जॉबरने, म्हणजे खात्यातल्या मुकादमाने, विचारलं की खरं सांगायची सवय. किती धागे तुटले? चार साहेब. दोन सांगून तिसरा दिसला तर घरी पाठवायचा. पाटल्या घातलेला माणूस समोर उभा राहून विचारतो तेव्हा माझ्यासारख्याच्या तोंडातून खरंच बाहेर पडतं. ते सत्य नव्हे. ती भीती. मला तेव्हा फरक कळत नव्हता.

मी म्हणालो, "नाही अजून."

बाई आत गेल्या. पुढचं मी वर लिहिलंय.

बाईंनी स्वतः कात्री घेतली नाही. विटाळ. तेवढ्यात नर्स धापा टाकत वर आली. विशीतली पोर, कामाला लागून महिना झालेला.

"सिस्टर, आधी नाळ कापा. ही ऐकत नाही."

बायको नर्सला म्हणाली, "बाय गो, नको. श्वास घेऊक नाय तिना. नाळेरच चललाहा तिचा."

नर्सने बायकोच्या गालाकडे बघितलं. पाच बोटं उठली होती. मग बाईंकडे बघितलं. दोन चिमटे लावले आणि कापली.

"किती वाजले?" बाई आतून ओरडल्या.

मी घड्याळ बघितलं. पुष्य संपून गेलं होतं.

संपून गेलं होतं. माझ्या बायकोला मारलं, मुलीची नाळ तोडली, आणि ज्याच्यासाठी हे सगळं केलं ते आधीच उलटलं होतं. हे त्या घरात आजपर्यंत कुणाला माहीत नाही. मी पुष्याच्या आतली वेळ ओरडलो. दुसरी थोबाडीत बसू नये म्हणून.

"पुष्य!" बाईंनी हात जोडले. "देवा, अब्रू राखलीस."

आत माझी बायको त्या मुलीच्या तोंडात फुंकर घालत होती. मुलगी काळीनिळी. नर्स रडत तळवे चोळत होती. डॉक्टरीणबाई आल्या, नळी लावली, खूप वेळाने मांजराच्या पिलासारखा आवाज आला. बाहेर पेढे आले होते. मलाही एक दिला. मी घेतला.

त्या दिवशी मी दोनदा तोंड उघडलं. खोटं हवं होतं तिथे खरं बोललो. मग खोटं बोललो, तोवर उपयोग संपला होता. आणि बाईंना जर वेळच हवी होती, तर लिहायची होती खोटी. कोण बघायला येणार होतं? पण पत्रिकेत खोटं लिहिणं त्यांना पाप वाटलं. श्वास तोडणं वाटलं नाही.

चौथ्या दिवशी मुलीला झटके आले. संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी मला केबिनमध्ये बोलावलं. बाई तिथेच, खुर्चीवर. टेबलावर कागद. 'आयाने नाळ वेळेवर कापली नाही व मूल निष्काळजीपणे हाताळले.' खाली साक्षीदार म्हणून माझं नाव लिहून तयार.

"सही कर. तुझी नोकरी राहील," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मी कागद वाचला. सावकाश वाचतो मी. मग विचारलं, "वेळेवर म्हणजे कुणाच्या?"

"जास्त शहाणपणा नको," बाई म्हणाल्या. "सही येते ना? का अंगठा?"

मिलच्या गेटवर मी घोषणा दिल्या होत्या. लाठी खाल्ली होती. पण तिथे हजारो माणसं असायची बरोबर. एकटा मी कधी कुणाला नाही म्हटलं नव्हतं. त्या केबिनमध्ये मी एकटा होतो. मला माझीच लाज वाटली, आणि त्या लाजेने हात उचलला. पेन घेतलं. सही नाही केली. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं. 'नाळ कापली तेव्हा उडत होती.' वेलांट्या चुकल्या असतील. मग त्याच्याखाली सही केली.

डॉक्टरीणबाईंनी तो कागद फाडला. त्यांना ठाऊक होतं म्हणून फाडला.

आम्ही दोघं जिना उतरलो. बायकोने विचारलं, "काय लिवलात?" मी सांगितलं. ती म्हणाली, "त्या दिवशी बोललात नाय, आता लिवलात." बस. पुन्हा आयुष्यात तिने तो विषय काढला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसरा कागद त्यांनी केलाच, माझ्या सहीशिवाय. तिथे काम करणारी एक बाई आमच्याच चाळीतली. आठवड्यात सगळ्यांना कळलं. हिच्या हातात मूल बिघडलं. शेजारणीची पहिली दोन पोरं हिच्या हातावर झालेली. तिसऱ्याला तिने हिला हाक मारली नाही, दुसरी कुणी आणली. भिंतीपलीकडे कळा चालल्या होत्या. बायको जमिनीवर बसलेली. मूल रडलं आणि तिची दोन बोटं आपोआप चिमटीत आली. काहीच नव्हतं चिमटीत. तरी बराच वेळ तशीच बसली.

नंतर ती मसाल्याच्या गाळ्यावर लागली. मिरच्या निवडायच्या, कांडायच्या. हात लालभडक, आग आग. खोबरेल लावून द्यायचो मी. एकदा म्हटलं, दुसरं काही बघू. तर म्हणाली, "ऱ्हवांदे. ह्या मिरचीच्या हातात आता पोर कोण देतलो? कोण मागूक येवक नको, माका नाय म्हणूक नको."

सव्वीस वर्षं मिरच्या कांडल्या तिने. सुईण होती ती.

गेल्या पावसाळ्यात गेली. मी तिचं मनगट धरून बसलो होतो. वॉर्डबॉय चादर ओढायला आला. मी म्हटलं, थांब, उडतेय अजून. तो थांबला बिचारा. नव्हती उडत. माझाच अंगठा उडत होता.

ती गेल्यावर दीड महिन्याने एक माणूस आमचे तीन जिने चढून आला. साठीच्या आसपासचा, चांगले कपडे.

"तुमच्या मिसेस आहेत का, आजोबा?"

मी फोटोकडे बोट केलं. त्याने चपला काढल्या. सॉरी म्हणाला. मग कोण ते सांगितलं. त्या मुलीचा बाप. पेढेवाला.

मुलगी आता तिशीची आहे म्हणाला. मान धरत नाही, हात वाकडे, चाकाच्या खुर्चीवर. बोललेलं घरच्यांनाच कळतं. "पण वाचते हो. दिवसभर वाचत असते. डोकं आमच्या सगळ्यांपेक्षा चांगलं आहे तिचं."

"मग काम काय काढलंत?"

"पत्रिका खूप जणांना दाखवली. सगळे म्हणतात पुष्य, उत्तम, असं व्हायलाच नको होतं. आता एक गुरुजी म्हणाले, वेळ चुकली आहे. बरोबर मिनिट मिळालं तर योग्य ती शांती करता येईल. आई म्हणाली, घड्याळाखाली एक माणूस उभा केला होता. त्या आयाचा नवरा."

तीस वर्षांनी बाईंना माझी आठवण झाली. माणूस म्हणून नाही. घड्याळ म्हणून.

"आया म्हणू नका," मी म्हटलं. "सुईण म्हणा."

"हो हो, सुईण."

"माझ्या सुईणीवर एक कागद लिहिला होता. ठाऊक आहे?"

त्याने फरशीकडे बघितलं. म्हणजे ठाऊक होतं.

"मुलीला आणा," मी म्हटलं. "तिला सांगतो."

"तीन जिने आहेत, आजोबा. कसं आणणार?"

"मग मी येतो."

"नको, नको." घाईने म्हणाला. "आई आहे अजून. पंच्याऐंशीची आहे. तिला त्रास होईल."

"आहेत बाई? ऐकू येतं त्यांना?"

"येतं."

"बरं झालं," मी म्हटलं. मला खरंच बरं वाटलं. बायको गेल्यापासून पहिल्यांदा.

त्याला पाणी दिलं आणि वाटेला लावला. दारात पुन्हा म्हणाला, "वेळ तेवढी सांगितली असती तर..." मी दार लावलं.

त्या दिवसापासून हे लिहितोय. रोज थोडं थोडं. शब्द अडतात. ती मुलगी वाचते ना, तिच्यासाठी लिहितोय.

पोरी, तुझ्याशी खोटं बोलणार नाही. मी डॉक्टर नाही. नाळ लवकर कापली म्हणूनच तुझं असं झालं, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. कदाचित तू तशीच असतीस. पण तुझ्या घरच्यांनी माझ्या बायकोवर लिहिताना 'कदाचित' लिहिलं नव्हतं. एवढं नक्की, की तू आलीस तेव्हा एक बाई तुला जेवू द्या म्हणून मार खात उभी होती, आणि तिने तुला हातातून सोडलं नाही. आणि मी बाहेर 'नाही अजून' म्हणालो. तुला शिव्या द्यायच्या असतील तर पहिली मला दे. मी समोर असेन.

तुझी पत्रिका खोटी आहे. पुष्य संपून गेलं होतं. किती वाजले होते ते मला मिनिटासकट पाठ आहे. ते तुझं आहे. तू स्वतः विचारलंस तर तुझ्या कानात सांगेन. तुला नको असेल तर माझ्याबरोबर भोईवाड्याच्या चितेवर जाईल. दुसऱ्या कुणाला नाही. तुझ्या बापाला नाही, गुरुजीला नाही.

उद्या गिरगावात जातोय. बायकोच्या पेटीत आमच्या साळखात्याच्या दोऱ्याचं शेवटचं रीळ होतं, त्याने हे कागद बांधलेत. बाईंच्या समोर तुझ्या मांडीवर ठेवणार. हात वाकडे आहेत, तर पानं मी उलटीन. बाईंना उठून जाता येणार नाही, या वयात. पाटल्या असतील अजून हातात. बघतो किती वाजतात.

मिनिट मिळाल्याशिवाय शांती होत नाही म्हणतात.

नाहीच होणार. मी होऊ देणार नाही.